‘ते’च्या जागी ‘का’

बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेचं हे पत्र आहे. गावातली निम्म्याहून जास्त घरं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. यंदा नवरात्रात शाळेत भोंडला झाला. पाटावर हत्ती काढला, फेर धरला आणि ‘अक्कण माती चिक्कण माती’ संपता संपता तिसरी-चौथीच्या मुलींनी त्याच चालीवर स्वतःच्या सहा ओळी जोडल्या. कुणी शिकवल्या नव्हत्या. काही आया हसल्या, दोघी-तिघींनी पदर डोळ्याला लावला. दुसऱ्या दिवशी एक पालक शाळेत आले. ते मुकादम, म्हणजे ऊसतोडीसाठी मजुरांची टोळी जमवून नेणारे, आहेत आणि त्यांची मुलगी फेरात सगळ्यांत मोठ्यानं गात होती. “माझ्याच पोरीला माझ्याविरुद्ध शिकवता का?” असं विचारून गेले. मुख्याध्यापक म्हणाले, “मुलांची निरागसता जपा. तालुक्याच्या कार्यक्रमात एखादं साधं बालगीत बसवा.” वर्तमानपत्रात काम करणारी एक मैत्रीण मात्र म्हणते, चांगला व्हिडिओ काढ, लोकांपर्यंत जाऊ दे, काहीतरी बदलेल. बाई विचारतात : गाणं थांबवू की पुढे नेऊ? आणि मुलींच्या तोंडी हे दुःख येऊ देण्यात माझंच काही चुकलं का?

बाई, नमस्कार.

तुम्ही पत्रात त्या सहा ओळी उतरवून पाठवल्यात. वाचकांना त्या माहीत असायला हव्यात, म्हणून तुमच्या परवानगीनं देते.

अश्शी पाटी सुरेख बाई, दप्तरात ठेवावी
अस्सं दप्तर सुरेख बाई, खुंटीला टांगावं
अश्शी खुंटी सुरेख बाई, घराला असावी
अस्सं घर सुरेख बाई, कुलूप का लावावं?
अस्सं कुलूप द्वाड बाई, दिवाळीला लागतं
अस्सा फड द्वाड बाई, शाळा ती बुडवतो

चौथ्या ओळीपाशी मी किती वेळ थांबले असेन. मूळ गाण्यात ‘खळगा तो खणावा’, ‘जातं ते रोवावं’ असं येतं. तो, ते, ती ही तिथली भरतीची अक्षरं, चाल पुरी करायला घातलेली. त्या हिशेबानं मुलींची ओळ ‘कुलूप ते लावावं’ अशी व्हायला हवी होती आणि चालीत अगदी चपखल बसलीही असती. त्यांनी ‘ते’ काढून ‘का’ घातलं. एका अक्षराचा फरक, पण लहानपणापासून दर वर्षी डोळ्यांसमोर घडत आलेल्या गोष्टीला त्यांनी पहिल्यांदा प्रश्न केला. सगळं घर आवरून, दाराला कुलूप लावून, शेळी शेजारी सोपवून निघायचं ही त्यांच्या गावातली रीत आहे. मोठ्या माणसांना तिच्यात विचारण्यासारखं काही दिसत नाही, इतकी ती अंगवळणी पडलीय. आठ-नऊ वर्षांच्या मुलींना ते दिसलं, कारण हे विचारायचं नसतं हे अजून त्यांना कुणी पढवलेलं नाही. निरागसता म्हणतात ती मला तरी इथेच दिसते.

म्हणून तुमच्या मुख्याध्यापकांच्या वाक्याकडे आधी वळते. त्यांचा हेतू वाईट आहे असं मला वाटत नाही. पण ‘निरागसता जपा’ म्हणताना त्यांच्या मनात असं चित्र असावं की मुलाला दुःख ठाऊकच नसतं आणि ते गाण्यात आलं की मूल कोमेजतं. या मुलींना काय ठाऊक नाही, सांगा? पहाटेच्या अंधारात आई-बाप उसाच्या फडात तोडणीला गेल्यावर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसणं ठाऊक आहे. उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, गोळा करून बांधणं ठाऊक आहे. नवरा-बायको दोघं मिळून हिशेबात ‘एक कोयता’ होतात आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटेपर्यंत परतता येत नाही, हेसुद्धा त्यांनी घरातल्या बोलण्यातून उचललं असणार. गाण्यामुळे त्यांना यातलं काहीच नव्यानं कळलेलं नाही. जे पोटात होतं ते फक्त चालीवर बाहेर आलं.

आणि बालगीतं तरी कुठे इतकी भाबडी असतात? ‘ये रे ये रे पावसा’ आपण सगळ्यांनी म्हटलंय. पोरं पावसाला पैसा देऊ करतात, तो पैसा निघतो खोटा आणि तरी पाऊस येतो मोठा! इथे देवघेव आहे, फसवणूक आहे आणि त्या सगळ्याला न जुमानता धो धो कोसळणारा पाऊस आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुलं हे हसत म्हणत आली आणि कुणाची निरागसता गेली नाही. मुलांचं गाणं गोड असलं पाहिजे हा आपला मोठ्यांचा हट्ट आहे. मुलांना चाल लागते, यमक लागतं, एकातून दुसरं निघत जाणारी साखळी लागते. त्या साखळीला चॉकलेट अडकवायचं की कुलूप, हे त्यांच्या भोवती काय आहे त्यावर ठरतं.

तुमच्या मुलींनी नेमकं ‘अक्कण माती’ निवडलं, यालाही अर्थ आहे. ते गाणं पुन्हा एकदा शांतपणे आठवून पाहा. मातीत खळगा खणला, त्यात जातं रोवलं, सपीट काढलं, करंज्या केल्या, तबकात ठेवल्या, शेल्यानं झाकल्या, पालखीत घालून माहेरी धाडल्या. भातुकलीसारखा खेळ चाललाय, सगळं ‘सुरेख बाई’. आणि अगदी शेवटी, करंज्या माहेरी पोचल्यावर, एका दमात येतं : अस्सं सासर द्वाड बाई, कोंडू कोंडू मारतं. ज्या काळात ही गाणी फेरात आली त्या काळात आठ-दहा वर्षांच्या मुली सासरी जात होत्या. म्हणजे हे सांगणाऱ्या तुमच्या विद्यार्थिनींच्याच वयाच्या होत्या. कोंडून मारतात हे सासरी म्हणायची सोय नव्हती, आईला सांगून उपयोग नव्हता. फेरात, चालीवर, दहाजणींच्या आवाजात आपला आवाज मिसळून तेवढं म्हणता येत होतं. तुमच्या मुलींनी परंपरा बिघडवली असं कुणी म्हणालं तर त्यांना हे सांगा. त्यांनी ती जशीच्या तशी चालवली आहे.

पण इथे मला एक गोष्ट तुमच्यापासून लपवायची नाही. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात भोंडला व्हायचा. समोरच्या काकू फेरात हौसेनं यायच्या, आवाज चांगला होता. दर वेळी ‘पालखी माहेरी धाडावी’ झालं की त्या हात सोडवून घ्यायच्या आणि “खिरापत बघून येते गं” म्हणून आत जायच्या. आम्ही पोरी पुढची ओळ ठसक्यात म्हणायचो आणि मग डबा वाजवून खिरापत ओळखायच्या मागे लागायचो. गोड की तिखट? कोरडी की ओली? काकू त्याच एका ओळीला आत का जातात हे मला फार उशिरा, त्या गेल्यावर, त्यांच्या सुनेकडून कळलं. आम्ही इतकी वर्षं ते गाणं त्यांच्या अंगणात, त्यांच्यासमोर म्हणत होतो. सत्य आमच्या तोंडात होतं आणि आम्हाला ते ऐकू येत नव्हतं. मोठ्या बायकांना ऐकू येत होतं, आणि त्या खिरापत वाटत होत्या.

गाणं आपोआप काही बदलत नाही, बाई. गाणं खरं ते टिकवून ठेवतं, एवढी त्याची ताकद आहे. मुलीच्या लग्नाचं किमान वय कायद्यानं चौदा व्हायला १९२९ साल उजाडावं लागलं आणि त्यासाठी कितीजणांना कितीतरी वर्षं झगडावं लागलं. तोवर फेर धरले जात होते, कोंडू कोंडू मारतं म्हटलं जात होतं आणि संध्याकाळी सगळ्याजणी आपापल्या घरी जात होत्या. म्हणून मला काळजी वेगळीच वाटते. तुमच्या मुलींच्या या सहा ओळी इतक्या छान जमल्यात की पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, शेजारच्या गावात त्या भोंडल्याचं एक गाणं म्हणून रुळतील. लोक कौतुक करतील. आणि कुलूप दिवाळीला लागतच राहील.

तेव्हा ‘थांबवू की पुढे नेऊ’ या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की आधी गाण्याला उत्तर द्या. त्यांनी ‘का’ विचारलंय. विचारलंय तुम्हाला, आयांना, वडिलांना, शाळेला. उत्तर देण्याजोगी माणसं त्या दिवशी सगळी अंगणात हजर होती.

व्हिडिओचं म्हणाल तर माझा सल्ला स्पष्ट आहे : काढू नका. तुमच्या मैत्रिणीची तळमळ खरी असेल, पण हिशेब करून बघा. चेहरे दिसतील, शाळा ओळखू येईल, गाव ओळखू येईल. त्या मुलींच्या आई-बापांनी उचल घेतलेली आहे. कुणाकडून घेतलीय हे सगळ्या गावाला माहीत आहे. बाहेरचे लोक दोन दिवस हळहळतील आणि पुढे सरकतील. मुकादमासमोर उभं राहायला मात्र त्या मुलीचा बाप एकटा असेल. मुलांच्या धिटाईची किंमत घरच्यांना भरावी लागेल असं काही आपण करू नये. मैत्रिणीला लिहायचंच असेल तर तिनं तुमच्या तालुक्यात मागे राहणाऱ्या मुलांची सोय करणारी हंगामी वसतिगृहं कधी सुरू होतात, किती मुलांना जागा मिळते, पैसे वेळेवर येतात का यावर लिहावं. ते गाण्याहून कमी रंगतदार आहे, पण त्या बातमीचा त्या मुलींना जास्त उपयोग होईल.

तालुक्याच्या कार्यक्रमात हे गाणं न्यायला मी घाई करणार नाही. मुख्याध्यापक नाही म्हणतात म्हणून नव्हे. स्पर्धा म्हटली की आपण शिक्षक गाणं ‘बसवायला’ लागतो, आणि बसवता बसवता ‘द्वाड’चा ‘वाईट’ होतो, चार मुली एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला, हातवारे ठरतात आणि शेवटी आपणच ‘शिकून मोठ्या होऊ’ असं एक कडवं चिकटवतो. तुम्हालाही तो मोह झालाय, पत्राच्या शेवटी तुम्ही सुचवलेली सातवी ओळ मी वाचली. ती काढून टाका. सहावी ओळ जिथे संपते तिथे मुलींना संपवायचं होतं. तुम्ही आशेची ओळ जोडलीत तर ऐकणाऱ्याला वाटेल, चला, यांनी मार्ग काढला.

मुलींना विचारलंत का, त्यांना या गाण्याचं काय व्हावंसं वाटतं? पत्रात त्याचा उल्लेख नाही. मुख्याध्यापक, पालक, मैत्रीण, सगळ्यांची मतं आहेत, त्या मुलींचं नाही. वर्गात सगळ्यांसमोर नको, मधल्या सुट्टीत, डबा खाताना विचारा. कदाचित त्या म्हणतील, आयांना परत म्हणून दाखवायचंय. कदाचित म्हणतील, आता नको. किंवा त्या गाण्याचं विसरूनही गेल्या असतील आणि मांजरीवर नवं काहीतरी जुळवत असतील. तेही त्यांचंच. त्यांना ‘ऊसतोडीवर गाणाऱ्या मुली’ करून टाकू नका.

१८५५ साली पुण्यात मुक्ता साळवे नावाच्या, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. चौदा वर्षांची असेल. तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसतं, असं तिनं त्यात लिहिलंय. हे आज आठवायचं कारण एवढंच, की त्या निबंधाच्या आधी तिच्यासाठी शाळा उघडलेली होती. कुणीतरी तिच्या हातात पाटी दिली होती आणि ती पाटी सुटू नये म्हणून शिव्याशाप सोसले होते. मुलाच्या धीट शब्दांमागे असं काहीतरी मोठ्यांनी केलेलं असावं लागतं. तुमच्या मुलींच्या गाण्यातही पाटी पहिल्या ओळीत आहे, ती तुम्हीच दिलेली.

आता त्या मुकादम वडिलांकडे या. त्यांच्या रागाची तुम्हाला भीती वाटली, साहजिक आहे. पण ते सगळं गाव सोडून तडक शाळेत आले, म्हणजे गाणं त्यांना नीट कळलं. मुकादमही बहुतेक त्याच गावांतून, त्याच घरांतून येतात. त्यांतले कितीतरी कधीकाळी स्वतः कोपीत वाढलेले असतात. कारखान्याकडून आलेल्या उचलीची जबाबदारी त्यांच्याही मानेवर असते. त्यांच्या घरी जा. एकट्या जाऊ नका, वहिनी घरात असतील अशा वेळी जा. माफी मागू नका, समजावूही नका. एवढंच सांगा : “दादा, आम्ही शिकवलं नाही. तुमच्या पोरीचा आवाज चांगला आहे आणि तिला शब्द जुळवता येतात. तिला घरात रागावू नका.” मला तुमच्याइतकीच त्या मुलीची काळजी आहे. तिची काहीही चूक नसताना तिला गाण्याबद्दल मार बसला, तर ती पुन्हा फेरात उभी राहणार नाही. आणि जमलं तर जाता जाता विचारा, की यंदा तुमच्या टोळीतल्या कुणाकुणाची मुलं मागे ठेवता येतील. टोळीत कोण कोण आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

मग शाळा व्यवस्थापन समिती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत किमान पंचाहत्तर टक्के पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी बायका. तुमच्या गावात याचा अर्थ असा, की समितीतल्या बऱ्याचजणी स्वतः कोयत्याचा अर्धा भाग आहेत. हंगामी वसतिगृह चालवण्याची जबाबदारीही याच समितीवर येते. बैठक दिवाळीनंतर ठेवलीत तर खुर्च्या रिकाम्या असतील. हे छापून येईपर्यंत दिवाळीला पंधरवडा उरला असेल. याच आठवड्यात लावा. मुलींची इच्छा असेल तर त्यांनी तिथे गाणं म्हणावं, फेर धरूनच, स्टेज-माइक काही नको. टाळ्या वाजायच्या आत वही उघडा आणि घराघराचं विचारा : कोण जाणार, कधी निघणार, मुलाला सांभाळायला आजी आहे का, आजीला झेपेल का, जेवणाचं शाळेतून झालं तर ठेवाल का? पुष्कळ आया मूल सोबत नेतात ते हौसेनं नेत नाहीत. वयात येणारी मुलगी मागे एकटी ठेवायची भीती असते, आजीचे डोळे गेलेले असतात. ती भीती खोटी ठरवू नका, तिच्यावर उपाय काढा. मुख्याध्यापकांनाही या कामात पुढे करा. तक्रारीचा फोन येईल ही त्यांची धास्ती आहे. वसतिगृहाची यादी वेळेत पुरी करणारा मुख्याध्यापक म्हणून फोन आला तर त्यांनाही बरं वाटेल.

काही मुली तरीही जातीलच. त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड भरून द्या, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता येईल. स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांना प्रवेश मिळतोय हे पाहणं हे तिथल्या स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे, कायद्याच्या नवव्या कलमातच ते लिहिलेलं आहे. कारखाना कोणता, गाव कोणतं, हे लिहून घ्या आणि जवळच्या शाळेला तुम्हीच एक फोन करा. आणि गाणी? ती थांबायचं कारण नाही. वडिलांच्या फोनवरून आठवड्याला एक ओळ आवाजात पाठवायला सांगा. इकडच्या मुलींनी पुढची ओळ जोडून परत पाठवायची. ‘अक्कण माती’ची रचनाच अशी आहे, की मागच्या ओळीचं शेपूट धरून पुढची येते. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळ्या परततील तोवर किती लांब जाईल ते बघू.

तुमच्यासारखी पत्रं मला शहरांतूनही येतात, म्हणून जाता जाता त्यांच्यासाठी थोडं. एका आईनं लिहिलं होतं, की मुलगा मामाच्या गावच्या गाण्यात मामाच्या बायकोऐवजी मामालाच सुगरण करतो आणि आजी दर वेळी दुरुस्त करतात. दुरुस्त करू नका. त्याच्या घरात मामाच स्वयंपाक करत असेल! मुलानं शब्द बदलला की “असं नसतं” म्हणायच्या आधी “मग पुढे काय?” विचारून बघा. तो का बदलला हे पुढच्या ओळीत बहुतेक वेळा कळतं. आणि कळलेलं काही जड निघालं, तर ते पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला लावू नका.

तुमचं काही चुकलं का, असं तुम्ही विचारलंत. त्या मुलींना तुमच्या अंगणात ‘का’ म्हणायची भीती वाटली नाही, बाई. याहून वेगळं उत्तर माझ्याकडे नाही.

एक तेवढं करा. ज्या मुली जाणार आहेत त्यांचं दप्तर त्या खुंटीवर राहू देऊ नका. निघायच्या आदल्या संध्याकाळी घरी जा, सामान बांधताना. भांडी, ज्वारीचं पोतं, अंथरूण यांच्यात ते दप्तर आधी ठेवायला लावा. दोन कोऱ्या वह्या, चार पेन्सिली, हमी कार्ड, आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात तुमचा फोन नंबर.